अर्ध्या तासाचा चौकोन

पार्किन्सन्सच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये रुग्णाला एक तक्ता भरायला देतात. दिवसाचे चोवीस तास, दर अर्ध्या तासाला एक चौकोन, म्हणजे एकूण ४८. प्रत्येक चौकोनासाठी पाच पर्याय असतात. झोपलो होतो. 'ऑफ' होतो, म्हणजे गोळीचा असर उतरला होता आणि अंग आखडलं होतं. 'ऑन' होतो, हालचाल मोकळी होती. 'ऑन' होतो, पण अंग आपोआप हेलकावत होतं. त्याचा त्रास नव्हता. आणि शेवटचा, हेलकावत होतं आणि त्रासही होत होता. रॉबर्ट हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली ही डायरी आज जगभर वापरली जाते. या आजारात अक्षर बारीक होत जातं, बोटं ऐकत नाहीत. त्यामुळे ज्या अर्ध्या तासाची नोंद सगळ्यात महत्त्वाची, त्याच अर्ध्या तासात पेन धरणं सगळ्यात अवघड. बरेच जण मग असर परत आल्यावर आठवून खुणा करतात. तरीही नव्या औषधाचं भवितव्य बहुतेक वेळा याच चौकोनांच्या बेरजेवर ठरतं.

इस्ट्राडेफिलिन हे असंच एक औषध. ते मेंदूतल्या ॲडेनोसिन नावाच्या रसायनाला त्याच्या जागेवर बसू देत नाही. लेव्होडोपा हे या आजाराचं मुख्य औषध घेऊनही ज्यांचा दिवस 'ऑन' आणि 'ऑफ' यांमध्ये चिरला जातो, त्यांना ते जोडीला द्यायचं. त्याच्या आठ चाचण्यांचे आकडे एकत्र केल्यावर असं दिसलं, की प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या तुलनेत २० मिलिग्रॅमने दिवसाचा 'ऑफ' वेळ ०.३८ तासांनी घटला आणि ४० मिलिग्रॅमने ०.४५ तासांनी. मिनिटांत सांगायचं तर २३ आणि २७. डायरीतला एक चौकोन ३० मिनिटांचा आहे.

म्हणजे सरासरी फायदा एका चौकोनाएवढाही नाही.

या गोळीला जगात काय निकाल मिळाला, ते पाहण्यासारखं आहे. जपानने २०१३ साली मान्यता दिली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली नकार दिला होता, त्याच प्रशासनाने २०१९ साली होकार दिला आणि १२ आठवड्यांच्या चार चाचण्या, त्यांतले १,१४३ रुग्ण, यांचा आधार घेतला. युरोपच्या औषध संस्थेने २०२१ साली नकार दिला. तिचं म्हणणं असं, की मुख्य चाचण्या आठ झाल्या, त्यांतल्या चारांतच 'ऑफ' वेळ कमी झाला आणि डोस वाढवला तरी परिणाम वाढला नाही. एकाने जमलेले चार मोजले, दुसऱ्याने न जमलेले चारही मोजले. दोघांनीही आपापल्या नियमांप्रमाणे चूक केलेली नाही. अमेरिकेच्या नियमांत नीट आखलेल्या, यशस्वी चाचण्यांचा पुरावा पुरेसा असला की दार उघडतं. युरोपने सगळी पुंजी टेबलावर ठेवायला सांगितली.

मला युरोपचं गणित जास्त प्रामाणिक वाटतं. तरी हा लेख त्या गोळीविरुद्ध नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मेंदूतल्या एखाद्या रेणूची गोष्ट सापडली, की आपण तिच्या प्रेमात पडतो. शास्त्रज्ञ, कंपन्या, वर्तमानपत्रं आणि वाचक, सगळेच. रुग्णाचे मोकळे तास किती वाढले, हा हिशोब मागे राहतो. तो पुढे आणला, तर पैसा आणि मेहनत आज जिथे जाते तिथे ती जाणार नाही.

डोपामिनपासून सुरुवात करू, कारण या प्रेमप्रकरणात तेच थोरलं. हल्ली डोपामिन म्हणजे 'आनंदाचं रसायन' असं गृहीत धरून 'डोपामिन डिटॉक्स'चे सल्ले वाटले जातात. मोबाइल बाजूला ठेवला की डोपामिनचा उपवास झाला म्हणे. खरा डोपामिनचा उपवास स्वीडनमध्ये १९५७ साली सशांना घडला होता. अर्विद कार्लसन यांनी त्यांना सर्पगंधेतून मिळणारं रेसर्पिन टोचलं. त्याने मेंदूतला डोपामिनसारख्या रसायनांचा साठा रिकामा होतो. ससे कान पाडून, निपचित बसून राहिले. ध्यानस्थ झाले नाहीत, मन ताजंतवानं झालं नाही. त्यांना हलताच येईना. मग कार्लसन यांनी डोपामिनचा कच्चा माल, एल-डोपा, म्हणजेच लेव्होडोपा, टोचला आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा फिरू लागले. या कामाबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तेव्हा मोबाइलचा मोह टाळायचा असेल तर जरूर टाळावा, पण त्या खात्यावर डोपामिनचं नाव टाकू नये. ज्यांच्या मेंदूत ते खरोखर संपत आलं आहे, त्यांना खुर्चीतून उठण्यासाठी त्याची गरज असते.

सशांनंतर तीन वर्षांनी, १९६० साली, व्हिएन्नामध्ये हर्बर्ट एरिंगर आणि ओलेह होर्निकिएविच यांनी पार्किन्सन्सने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले. स्ट्रायटम या भागात डोपामिन जवळजवळ उरलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी वॉल्टर बिर्कमायर यांच्या रुग्णांना एल-डोपाची इंजेक्शनं दिली गेली. पडून असलेली माणसं उठून बसली, चालली; पण परिणाम काही तासांतच ओसरला. डोपामिन थेट देता येत नाही, कारण रक्तातून मेंदूत शिरायच्या वाटेवर ते अडवलं जातं. एल-डोपाला मात्र आत प्रवेश आहे. १९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी डोस अगदी हळूहळू चढवत, तोंडाने, मोठ्या प्रमाणात द्यायची पद्धत बसवली आणि तेव्हा कुठे त्याचं रोज घेता येईल असं औषध झालं. पुढे त्याला कार्बिडोपाची जोड मिळाली. ते एल-डोपाला मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही, त्यामुळे मळमळ घटली आणि डोस बराच कमी झाला. आजवर याहून चांगली गोळी निघालेली नाही. साठ वर्षं होत आली.

या गोष्टीचं यश इतकं झगझगीत होतं, की तिने पुढच्या सगळ्या संशोधनाच्या अपेक्षांचा साचा पाडला. रसायन कमी पडतं, ते भरा, माणूस उठतो. प्रत्येक नव्या रेणूकडून आपण असाच ससा उठवायची अपेक्षा करत आलो.

ॲडेनोसिनची गोष्ट मुळातच तशी नाही. पेशींचं चलन म्हणजे एटीपी. ते खर्ची पडत गेलं की ॲडेनोसिन उरतं. जागेपणी ते साचत जातं आणि आपल्याला पेंग येऊ लागते. कॉफीतलं कॅफिन शरीराला ताकद वगैरे देत नाही. ते ॲडेनोसिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याचा निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं आणि थकव्याचा निरोप पोचू देत नाही. थकवा असतोच, फक्त कळत नाही.

आता स्ट्रायटममध्ये येऊ. तिथून हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या दोन वाटा निघतात. एक म्हणते 'चल', दुसरी म्हणते 'थांब'. दोन्ही लागतात, पेला उचलताना बोटं मिटायची असतात, तेव्हा ती उघडणाऱ्या स्नायूंनी गप्प बसायचं असतं. डोपामिन 'चल'ला उत्तेजन देतं आणि 'थांब'ला शांत करतं. या 'थांब' म्हणणाऱ्या पेशींवर डोपामिनचा डी-टू रिसेप्टर असतो आणि त्याच्याच शेजारी, कित्येकदा त्याला चिकटून, ॲडेनोसिनचा ए-टू-ए रिसेप्टर. पेशीच्या आतल्या एका संदेशवाहक रसायनाला, सायक्लिक एएमपीला, एक खाली ओढतो, तर दुसरा वर ढकलतो. पार्किन्सन्समध्ये खाली ओढणारा दमून जातो, आणि वर ढकलणाऱ्याला विरोधच उरत नाही. शरीर अडकतं ते निव्वळ 'चल' क्षीण झाल्यामुळे नव्हे. 'थांब' मोकाट सुटल्यामुळेही.

कल्पना देखणी आहे, यात वाद नाही. डोपामिन भरता येत नसेल तिथे निदान ॲडेनोसिनचा हात धरावा. १९७४ साली शेल फुक्से आणि उल्फ उंगरश्टेट यांनी स्टॉकहोममध्ये एका बाजूची डोपामिनची वाट नष्ट केलेल्या उंदरांवर प्रयोग केले. एल-डोपा दिलं की असे उंदीर गोल गोल फिरतात. जोडीला कॅफिन किंवा थिओफिलिन दिलं, तर जास्त फिरतात. इस्ट्राडेफिलिन हे रासायनिकदृष्ट्या कॅफिनच्याच कुळातलं, फक्त ए-टू-ए नेमका निवडणारं. त्या उंदरांपासून जपानच्या मान्यतेपर्यंत ३९ वर्षं गेली.

पण याच वर्णनात त्याची मर्यादाही दिसते. ए-टू-ए अडवल्याने डोपामिन तयार होत नाही. मरत चाललेली पेशी त्याने वाचते, असं माणसात सिद्ध झालेलं नाही. 'थांब'चा आवाज थोडा खाली येतो, इतकंच. लेव्होडोपाने आधीच जे करून ठेवलंय, त्यावर थोडीशी भर. आणि 'थांब' थोडा अधिक दबला, तर अंग नको तेव्हा हेलकावू लागतं. या औषधाचा सगळ्यात जास्त दिसणारा दुष्परिणाम तोच आहे. तेव्हा सरासरी पंचवीस मिनिटं हा आकडा ऐकून निराश व्हायचं कारण नव्हतं. जीवशास्त्र तेवढंच कबूल करत होतं. मोठी बोली आपण लावली.

कॉफीच्या बाबतीत तर ती बोली जाहीर लिलावात लागली. होनोलुलूमध्ये १९६५ ते १९६८ या काळात ८,००४ जपानी-अमेरिकन पुरुषांची नोंद एका हृदयविकाराच्या अभ्यासासाठी झाली होती. त्यांच्यातल्या १०२ जणांना पुढे पार्किन्सन्स झाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कॉफी अजिबात न पिणाऱ्यांमध्ये हे प्रमाण दर दहा हजार माणसांमागे वर्षाला १०.४ होतं आणि सगळ्यात जास्त पिणाऱ्यांमध्ये १.९. पाचपट फरक. पाठोपाठ उंदरांमध्येही असं दिसलं, की डोपामिनच्या पेशी मारणारं विष देण्याच्या वेळी कॅफिन असलं तर हानी कमी होते. झालं, मथळे छापून आले. स्त्रियांमध्ये हे चित्र इतकं सरळ नाही आणि हार्मोनची औषधं घेणाऱ्यांमध्ये तर आणखी गुंतागुंतीचं आहे, ही ओळ मथळ्यात बसत नव्हती. पार्किन्सन्सची खरी सुरुवात कंपाच्या कितीतरी आधी होते. वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ होतं, झोपेत हातपाय झाडले जातात. त्या वर्षांत मेंदूला उत्तेजक गोष्टींचं आकर्षणच कमी झालेलं असू शकतं. मग कॉफी न पिणं हे आजाराचं कारण की आजाराची पहिली खूण? निरीक्षणाच्या अभ्यासाने हा गुंता सुटत नाही.

म्हणून चाचणी करावी लागते, आणि ती झालीसुद्धा. २०१२ साली रोनाल्ड पोस्टुमा यांच्या गटाने ६१ रुग्णांवरच्या छोट्या, काही आठवड्यांच्या प्रयोगात कॅफिनने हालचाल थोडी सुधारल्याचं नोंदवलं. त्याची बातमी झाली. मग त्याच गटाने मोठी चाचणी उभी केली: १२१ रुग्ण, दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम कॅफिन किंवा प्लासिबो. सहा महिन्यांनंतर हालचालीत काहीही फरक नव्हता. वर्षानुवर्षं चालवायचा बेत होता, ती चाचणी लवकर थांबवली गेली. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. पहिली बातमी आठवणारे पुष्कळ भेटतात, दुसरी आठवणारा मला क्वचित भेटला आहे. मला या गटाचं मात्र कौतुक वाटतं. स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष मोठ्या चाचणीत घालून मोडू देणं, आणि तो मोडल्याचं तितक्याच स्पष्टपणे छापणं, हे वाटतं तेवढं सोपं नसतं.

ए-टू-ए अडवणारी इतर औषधं कुठे गेली? प्रेलाडेनंट दुसऱ्या टप्प्यात चांगलं दिसलं आणि तिसऱ्या टप्प्यात पडलं; २०१३ साली गुंडाळलं गेलं. टोझाडेनंटच्या मोठ्या चाचणीत सेप्सिसची, म्हणजे शरीरभर पसरणाऱ्या जीवघेण्या संसर्गाची, प्रकरणं समोर आली, पाच जण दगावले, काहींच्या रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्याचं आढळलं. २०१७ साली काम थांबलं. इतकं सांगून बहुतेक लेख पुढे जातात. मला प्रेलाडेनंटपाशी थोडं थांबायचं आहे, कारण त्या पडण्यात एक गंमत आहे, आणि ती अजिबात हसण्यासारखी नाही.

त्या तिसऱ्या टप्प्याच्या एका चाचणीत तुलनेसाठी एका गटाला रासाजिलिन दिलं होतं. हे आधीपासून मान्य असलेलं, 'ऑफ' वेळ कमी करतं म्हणून परिचित असलेलं औषध. त्या चाचणीत प्रेलाडेनंट प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही, आणि रासाजिलिनही ठरलं नाही. म्हणजे तराजूत ठाऊक असलेलं वजन ठेवलं आणि काटा हललाच नाही. अशा तराजूवर नव्या वस्तूचं वजन शून्य भरलं, तर दोष वस्तूचा की तराजूचा? संशोधकांनी स्वतःच चाचणीच्या रचनेवर किंवा अंमलबजावणीवर शंका घेतली. पण तोवर औषधाचा निकाल लागला होता.

तराजू का बिघडतो याचं उत्तर पुन्हा डोपामिनकडेच नेतं. २००१ साली व्हँकुव्हरमधल्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना औषध म्हणून खारं पाणी टोचलं आणि मेंदूचं पेट (PET) स्कॅन केलं. स्ट्रायटममध्ये खरोखर डोपामिन स्रवलं होतं. बरं वाटेल ही अपेक्षा त्याच रसायनाच्या भाषेत व्यक्त होते, ज्याच्या अभावाने हा आजार होतो. पुढे २०१५ साली बारा रुग्णांवर एक खोडकर प्रयोग झाला. त्यांना सांगितलं, की दोन इंजेक्शनं आहेत, एकाच्या डोसची किंमत १,५०० डॉलर, दुसऱ्याच्या १०० डॉलर. दोन्हींत खारं पाणीच होतं. महाग समजून घेतलेल्या पाण्याने हालचाल जास्त सुधारली. इस्ट्राडेफिलिनच्या जपानमधल्या एका चाचणीत प्लासिबो गटाचा 'ऑफ' वेळसुद्धा दिवसाला ०.६६ तासांनी, म्हणजे सुमारे ४० मिनिटांनी कमी झाला होता. औषधाचा एकत्रित निव्वळ फायदा पंचवीस मिनिटांचा आणि नुसत्या आशेचा चाळीस मिनिटांचा. हे प्लासिबोला हसण्यासाठी सांगत नाही. रुग्णाने स्वतः भरलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकोनांतून, आशेच्या या गलबल्यात, पंचवीस मिनिटं वेगळी काढणं किती दुरापास्त आहे, ते लक्षात यावं म्हणून सांगतोय. त्यात चाचणीत येणारे पुष्कळ जण सकाळी कॉफी पिऊन, म्हणजे तोच रिसेप्टर थोडाफार अडवूनच आलेले असतात.

माझी पहिली मागणी यातूनच निघते. पुढचा रेणू शोधायला जेवढा उत्साह असतो, त्याच्या निम्मा जरी मोजमापावर आला, तरी चालेल. मनगटावरच्या सेन्सरने हालचाल चोवीस तास नोंदवता येते; त्याला पेन धरावं लागत नाही आणि काल काय झालं ते आठवावंही लागत नाही. तो परिपूर्ण नाही. अंग हेलकावतंय की माणूस भाजी चिरतोय, हे त्याला नेहमी ओळखता येत नाही, आणि 'त्रास झाला का' हे तर रुग्णच सांगू शकतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. असं काम कंटाळवाणं असतं, त्यावर कुणाला नोबेल मिळत नाही, कंपनीला पेटंट मिळत नाही. म्हणूनच ते सार्वजनिक पैशाने व्हायला हवं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे, ते म्हणतील, की सरासरीची भाषा तुम्हाला परवडते. पंचवीस मिनिटांची सरासरी म्हणजे सगळ्यांना पंचवीस मिनिटं नव्हे. कुणाला काहीच मिळत नाही आणि कुणाला दोन तास मिळतात. त्या दोन तासांत माणूस स्वतःच्या हाताने जेवतो, स्वतः संडासला जाऊन येतो, आणि त्याच्यामागे दिवसभर उभ्या असलेल्या शुभंकराला, म्हणजे काळजी घेणाऱ्याला, आडवं व्हायला मिळतं. युरोपच्या नकाराने ते दोन तासही गेले.

हे खरं आहे. नियामकाने आठ चाचण्या मोजल्या म्हणून कुणाच्या घरातली संध्याकाळ खोटी ठरत नाही. पण मग प्रश्न असा पडतो, की ज्यांना दोन तास मिळतात ते कोण, हे शोधायला कोण बसलंय? अमेरिकेत किंवा जपानमध्ये मान्यता मिळाल्यावर विकणाऱ्याला ते शोधण्यात फारसा रस असणार नाही. ज्यांना उपयोग नाही तेही गिऱ्हाईकच असतात. शोधायची पद्धत काही अवघड नाही. एकाच रुग्णाला काही आठवडे खरं औषध, काही आठवडे तशीच दिसणारी प्लासिबो, क्रम त्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. असे दोन-तीन फेरे, सोबत सेन्सर. शेवटी पाकीट उघडायचं आणि त्या एका माणसापुरता निर्णय घ्यायचा. अशा औषधांना मान्यता देताना ही सोय बांधून घ्यायला हवी, असं मला वाटतं. होकार किंवा नकार यांच्यामध्ये 'ज्याला लागू पडतं त्याला' अशी एक जागा आहे. ती रिकामी आहे कारण तिच्यासाठी खर्च कुणी करायचा, हे ठरलेलं नाही.

दुसरी गोष्ट तासांच्याच हिशोबातली, पण आकडा फार मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन्स होता, आणि गेल्या पंचवीस वर्षांत ही संख्या दुपटीने वाढली आहे. हीच संघटना सांगते, की लेव्होडोपा-कार्बिडोपा सगळीकडे मिळत नाही, मिळालं तरी परवडत नाही, विशेषतः कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, पेटंट केव्हाच संपलं आहे. ज्याला लेव्होडोपा मिळतं, त्याच्या दिवसातून पंचवीस मिनिटांचा 'ऑफ' काढायला आपण चार दशकं आणि अनेक कंपन्या खर्ची घातल्या. ज्याला ते मिळतच नाही, त्याचे जागेपणाचे सगळे तास 'ऑफ' आहेत. या दोन आकड्यांची वजाबाकी कुठल्याही विज्ञान परिषदेच्या पडद्यावर मी पाहिलेली नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: औषध पोचवणं हे संशोधन नव्हे, ते प्रशासनाचं काम. मला हा भेद सोयीचा वाटतो, खरा नाही. गोळी रुग्णापर्यंत का पोचत नाही, निदान किती उशिरा होतं, गावातल्या डॉक्टरला कंप आणि पार्किन्सन्स यांतला फरक कसा शिकवायचा, पुरवठा कुठे तुटतो, हे प्रश्न प्रयोगशाळेतल्या प्रश्नांइतकेच कठीण आहेत आणि त्यांची उत्तरंही तपासूनच काढावी लागतात. शिवाय औषधाभोवती जमलेली भीती दूर करणं हे तर निखळ विज्ञानाचंच काम आहे. लेव्होडोपा लवकर सुरू केलं की लवकर 'संपतं', अंग हेलकावणं त्यानेच ओढवतं, म्हणून जमेल तितकं पुढे ढकला, असा समज कित्येक वर्षं डॉक्टरांमध्येही होता. रुग्णांमध्ये तर आजही आहे. लोक त्रास सोसत गोळी राखून ठेवतात, जणू कठीण काळासाठीची ठेव. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत ४४५ रुग्ण होते. काहींना लेव्होडोपा लगेच दिलं, काहींना ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. लवकर घेण्याने आजाराचा वेग कमी झाला नाही, आणि वाढलाही नाही. राखून ठेवलेल्या त्या ४० आठवड्यांवर व्याज काही मिळालं नाही.

याहून बोलका अभ्यास त्याच्या पाच वर्षं आधीचा, घाना आणि इटली यांची तुलना करणारा. घानातल्या रुग्णांना आजार सुरू झाल्यावर लेव्होडोपा मिळायला सरासरी ४.२ वर्षं लागली होती, इटलीतल्यांना २.४. भीती खरी असती, तर घानातल्यांना असर चढण्या-उतरण्याचा आणि अंग हेलकावण्याचा त्रास आजाराच्या कितीतरी पुढच्या वर्षी सुरू व्हायला हवा होता. तो दोन्ही देशांत आजाराच्या साधारण त्याच वर्षी सुरू झाला. घानातल्या रुग्णांच्या वाट्याला गोळीचे चांगले दिवस तेवढे कमी आले.